नेव्हिल डिसोझा कोण होता, हे मुलांना कोणी सांगायचे?

आज एका शालेय फुटबॉल स्पर्धेच्या पारितोषिक वितरणाला गेलो होतो. बारा-तेरा वर्षांची मुले चिखलाने माखलेल्या मोज्यांसकट ओळीने उभी होती आणि व्यासपीठावरून प्रमुख पाहुणे त्यांना सांगत होते की फुटबॉल हा काही आपल्या मातीतला खेळ नाही, आपली शरीरयष्टीच त्याला साजेशी नाही, या खेळात आपल्या देशाने आजवर काही केलेले नाही, तेव्हा छंद म्हणून खेळा पण फार अपेक्षा ठेवू नका. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपले की टाळ्या वाजवायच्या असतात हे त्यांना शिकवलेले आहे. मी मात्र तेव्हापासून धुमसतो आहे.

हे मुंबईत बोलले गेले, याचा मला सर्वांत जास्त संताप आहे. ऑलिम्पिकच्या फुटबॉल स्पर्धेत हॅट-ट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू या शहराचा होता. त्याचे नाव नेव्हिल डिसोझा. 1 डिसेंबर 1956 रोजी मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले, भारताने तो सामना 4-2 असा जिंकला आणि उपांत्य फेरी गाठली. त्याआधी आशियातला एकही देश ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये तिथवर पोहोचला नव्हता. स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच यांच्या बरोबरीने चार गोलांसह नेव्हिलचे नाव होते. ज्या देशाने या खेळात काहीच केले नाही असे आज सांगितले गेले, त्या देशाची ही कामगिरी आहे.

मला हे सारे पुस्तकातून नव्हे, माझ्या मामाकडून कळले. मामा गिरगावात राहायचा आणि संधी मिळेल तेव्हा कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर सामने पाहायला जायचा. माझ्या लहानपणी तो आमच्याकडे जेवायला आला की जेवण झाल्यावर ताटे उचलू द्यायचा नाही. पाच वाट्या पालथ्या घालून तो सतरंजीवर आघाडीची फळी मांडायचा. उजव्या टोकाला पी. के. बॅनर्जींची वाटी, आणि मधोमध, एका बाजूने चेपलेली म्हणून लगेच ओळखू येणारी, नेव्हिलची वाटी. चेंडू म्हणजे सुपारीचे खांड. उजवीकडची वाटी सुपारी ढकलत पुढे यायची, पण मामाचे बोट त्या वाटीवर असले तरी डोळे चेपलेल्या वाटीवर असायचे. तो आम्हाला बजावायचा, "चेंडूकडे काय बघता? मधला कुठे सरकतोय ते बघा." ती वाटी दोन बोटे मागे यायची, मग तिरपी आत शिरायची, आणि सुपारी आपसूक तिच्यापुढे पडायची.

मामा मेलबर्नला गेलेला नव्हता, तेव्हा त्याच्या वाट्यांची चाल म्हणजे त्या सामन्याची जशीच्या तशी नोंद नव्हे, हे मला समजते. पण त्याने त्या माणसाला कूपरेजवर डोळ्यांनी पाहिले होते, आणि उरलेले त्याच्या मनात जुळून आले होते. सामन्याचा आलेख मात्र नोंदलेला आहे: नेव्हिलने आघाडी मिळवून दिली, ऑस्ट्रेलियाने बरोबरी केली, त्याने पुन्हा आघाडी मिळवून दिली, त्यांनी पुन्हा बरोबरी केली. मध्यंतराला 2-2. परक्या देशात, यजमान संघापुढे, दोनदा मिळवलेली आघाडी दोनदा गमावल्यावर भल्याभल्यांचे पाय जड होतात. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे होतात न होतात तोच नेव्हिलने तिसरा गोल केला. शेवटच्या दहा मिनिटांत कृष्णस्वामींनी, म्हणजे ज्यांना सगळे किट्टू म्हणत त्यांनी, चौथा गोल केला आणि विजय पक्का झाला.

आता ज्यांना दुसरी बाजू मांडायची आहे त्यांच्यासाठी एवढेच म्हणतो की हो, हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपल्याला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली होती, आणि हो, त्या काळी ऑलिम्पिकमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटू खेळत नसत. मान्य आहे.

माझ्या वडिलांनीही एकदा मामाला असेच काहीसे ऐकवले होते. वाट्या मांडून झाल्या होत्या, तिसरा गोल नुकताच झाला होता आणि वडील सुपारी कातरता कातरता म्हणाले, "अरे, पण समोर होतं कोण? ऑस्ट्रेलिया! त्यांना तेव्हा कुठे फुटबॉल येत होता?" मामाचा चेहरा लाल झाला. त्याने समोरच्या बाजूच्या सगळ्या वाट्या गोळा केल्या, पुन्हा नव्याने मांडल्या आणि म्हणाला, "ठीक आहे भाऊजी, आता समोर युगोस्लाव्हिया. आता बोला."

युगोस्लाव्हियाचे नाव त्याने का घेतले, हे मला पुढे कळले. 1952 मध्ये हेलसिंकीला याच संघाने आपला 10-1 असा धुव्वा उडवला होता. आपले बहुतेक खेळाडू तिथल्या थंडीत अनवाणी खेळले होते, आणि त्या पराभवानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. चार वर्षांनी मेलबर्नच्या उपांत्य सामन्यात तोच देश पुन्हा समोर आला. पूर्वार्ध गोलशून्य राहिला, आणि मध्यंतरानंतर पहिला गोल भारताने केला. तो नेव्हिलने केला. काही मिनिटे का होईना, ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीचा दरवाजा भारतासाठी उघडा होता. मग युगोस्लाव्हियाने बरोबरी केली, पाठोपाठ आघाडी घेतली, चौथा गोल तर आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून आपल्या जाळ्यात गेला आणि सामना 4-1 असा हातचा गेला. कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 असे हरवले. चौथा क्रमांक. पदक हुकले, हे दुःख आहेच. पण चार वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून दहा गोल खाल्ले त्यांच्यावर आघाडी घेणारा संघ असाच तयार होत नाही. त्यामागे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांची दृष्टी होती, कर्णधार समर बॅनर्जींपासून प्रत्येक खेळाडूचे कष्ट होते. शरीरयष्टीच्या गप्पा मारणाऱ्यांनी त्या अकरा जणांची छायाचित्रे एकदा काढून पाहावीत. ती तुमच्याआमच्यासारखीच माणसे होती.

त्या रात्री मामाने चेपलेली वाटी युगोस्लाव्हियाच्या वाट्यांच्या मधून पलीकडे नेली, सुपारी गोलात ढकलली आणि तिथेच खेळ थांबवला. पुढचे गोल त्याने दाखवले नाहीत. वडिलांनी निकाल विचारला तेव्हा त्याने तो खरा तोच सांगितला, काही लपवले नाही, पण वाट्या मात्र हलवल्या नाहीत.

हे लिहिताना राग थोडा निवळला आहे, कारण मामा आठवला की मला ती मुंबईही आठवते, जी मी फक्त त्याच्या बोलण्यातून पाहिली आहे. नेव्हिल हा मैदानाच्या पगारावर जगणारा खेळाडू नव्हता. त्या काळात मुंबईचे फुटबॉल कंपन्यांच्या संघांवर उभे होते, नोकरी आणि खेळ हातात हात घालून चालत. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला, कॅलटेक्सकडून खेळला. 1954 च्या मोसमात मुंबईने प्रथमच संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला, त्या संघात तो होता. 1958 मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला, आणि रोव्हर्स म्हणजे कलकत्त्याचे, हैदराबादचे दिग्गज संघ जिथे येऊन भिडत ती कूपरेजवरची स्पर्धा. मामा सांगायचा की रोव्हर्सच्या दिवसांत कामावरून लवकर सुटण्यासाठी लोक काय काय कारणे काढायचे. कारणे तो कधीच सांगायचा नाही, नुसता हसायचा.

ती रोव्हर्स स्पर्धा आता गेली दोन दशके बंद आहे. कंपन्यांचे संघ एकेक करून गुंडाळले गेले, महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघही 2010 मध्ये बंद झाला. हे कोणी बाहेरून येऊन केले नाही. आपण केले, आपल्या डोळ्यांदेखत झाले, आणि आपण तेव्हा दुसरीकडे पाहत होतो. मग त्याच रिकाम्या जागेकडे बोट दाखवून मुलांना सांगायचे की इथे कधी काही नव्हतेच! मी आज त्या खुर्चीत बसून हे ऐकत होतो आणि माझ्या शेजारचे गृहस्थ मान डोलावत होते. त्यांनाही कोणी सांगितले नसेल.

नेव्हिल 1980 साली गेला. त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. 1961 पासून सुरू झालेला अर्जुन पुरस्कार त्याला कधी मिळाला नाही. त्याच्याबरोबर खेळलेल्या पी. के. बॅनर्जींना तो पहिल्याच वर्षी मिळाला आणि तो त्यांचा हक्कच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ऑलिम्पिकमधल्या हॅट-ट्रिकचे मोल त्या कोणत्याच वर्षी कुणाला का वाटले नाही, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. वांद्र्याला त्याच्या नावाचे मैदान आहे, हेही सांगितले पाहिजे, आणि ज्यांनी ते नाव दिले त्यांचे आभार मानले पाहिजेत. तेवढे झाले आहे. परंतु फलकावर नाव रंगवल्याने मुलांना माणूस कळत नाही. आज भाषण संपल्यावर मी बक्षीस घेऊन उतरणाऱ्या सात-आठ मुलांना विचारले. युरोपातल्या क्लबांच्या राखीव खेळाडूंचीही नावे त्यांना पाठ होती. नेव्हिल डिसोझा कोणालाच ठाऊक नव्हता. मुलांचा यात काडीचाही दोष नाही आणि परदेशी खेळाडूंवर प्रेम करू नका असे मी त्यांना कधीही म्हणणार नाही. त्यांतल्या एकाने, तो आघाडीला खेळतो म्हणे, मला विचारले, "काका, त्याने तीनही गोल एकाच मॅचमध्ये मारले?" हो म्हटल्यावर तो आपल्या मित्रांकडे ज्या डोळ्यांनी वळला, ते डोळे त्या प्रमुख पाहुण्यांनी पाहायला हवे होते.

तेवढ्या एका वाक्याने त्या मुलाला जे मिळाले, ते अर्ध्या तासाच्या भाषणाने त्याच्याकडून काढून घेतले जात होते, आणि म्हणून मी आज इतके लांबलचक लिहितो आहे. लहान मुलाला "तुझ्या आधी इथे कोणीच नव्हते" असे सांगणे हा माझ्या दृष्टीने अन्याय आहे. मामाने आम्हाला कधी "तुम्ही मोठे खेळाडू व्हाल" असे सांगितले नाही. आम्ही झालोही नाही. त्याने फक्त हे दाखवले की आपल्याच गावातल्या एका माणसाने समोरच्या बचावफळीत जागा कशी शोधली असेल, आणि ते दाखवताना त्याने आम्हाला त्या खेळाबाहेरचे कधीच समजले नाही.

संध्याकाळी मी स्पर्धेच्या संयोजकांना फोन केला. पाहुण्यांच्या भाषणाबद्दल एक शब्द काढला नाही, कारण त्याने काही साधणार नव्हते. एवढेच म्हणालो की पुढच्या वर्षीपासून सर्वाधिक गोल करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला नेव्हिल डिसोझाच्या नावाने चषक द्या, त्याचा खर्च माझ्याकडे लागला, अट एकच की चषक देण्याआधी तो कोण होता हे दोन मिनिटे सांगायचे. ते "बघू" म्हणाले. मी पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करणार आहे. तुमच्या घरात कूपरेजवर त्याला खेळताना पाहिलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, आणि ते जे सांगतील ते लिहून मला पाठवा, म्हणजे त्या दोन मिनिटांत मुलांना सांगायला माझ्याकडे मामाच्या वाट्यांखेरीजही काहीतरी असेल.