चकाकी, घट्ट सिलिंडर आणि ‘जुनं पोलाद’

जुनं रिव्हॉल्व्हर विकत घ्यायचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा गोषवारा असा: ‘जुनं पोलाद आजच्यापेक्षा भारी. ब्लूइंग शाबूत, नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) स्वच्छ आणि सिलिंडर (काडतुसांची घरं असलेला फिरता दंडगोल) डुगडुगत नसेल तर डोळे मिटून घ्या. रिव्हॉल्व्हरमध्ये बिघडण्यासारखं आहेच काय? फक्त सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर जळल्याची रेघ दिसली तर हात लावू नका.’ यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही, आणि घोळ तिथेच आहे.

चकाकी आधी घेऊ, कारण ती लवकर निकालात निघते. ब्लूइंग म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा पातळ थर. पार झिजलेल्या रिव्हॉल्व्हरवरही तो नव्याने चढवता येतो. तसं झालंय का हे अक्षरं सांगतात. बफिंगच्या चाकाखालून गेलेल्या फ्रेमवर, म्हणजे मुख्य सांगाड्यावर, कंपनीचा छाप उथळ होतो, कडा चोखलेल्या साबणासारख्या गोल होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. उलट, नळीच्या तोंडाशी ब्लूइंग उडालेलं रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं होल्स्टरमध्ये ये-जा करत असेल, पण झाडलं फारसं गेलंच नसेल. मला तसलीच जास्त आवडतात.

‘आटे स्वच्छ’ हे ठीक. पण रिव्हॉल्व्हरची नळी आधी थकते ती मागच्या तोंडाशी. सिलिंडरमधून निघालेली गोळी छोटीशी फट ओलांडून ज्या निमुळत्या तोंडात शिरते, तो फोर्सिंग कोन. सगळी आग आणि दाब तिथे आदळतो. १९५५ मध्ये आलेलं स्मिथ अँड वेसनचं कॉम्बॅट मॅग्नम, म्हणजे पुढचं मॉडेल १९, हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. मध्यम आकाराच्या के-फ्रेममध्ये .३५७ मॅग्नम हे जास्त दाबाचं काडतूस बसवताना, सिलिंडर धरणाऱ्या क्रेनला जागा मिळावी म्हणून त्या नळीचा मागचा भाग खालून सपाट कापला आहे. तिथे भिंत सगळ्यात पातळ, आणि १२५ ग्रेन (सुमारे आठ ग्रॅम) गोळीच्या हलक्या, वेगवान मॅग्नम काडतुसांचा मारा झाला की तडा जातो तो नेमका तिथेच. कंपनीने पुढे जराशी मोठी एल-फ्रेम काढली.

असं एक रिव्हॉल्व्हर मी हातात घेतलं होतं. आटे आरशासारखे. फोर्सिंग कोनवर मात्र शिशाचा करडा थर. मालकाला विचारून पितळी ब्रशने घासला, टॉर्च धरला, तर घड्याळात सहा असतात त्या जागी केसाएवढी काळी रेघ. कापडाने पुसली, गेली नाही. टाचणीचं टोक आडवं फिरवलं, ते अडकलं. जुन्या मॉडेलची सुटी नळी मिळवायची आणि ती बसवणारा हात शोधायचा, यात जीव मेटाकुटीला येतो. मी ते परत ठेवलं.

आता ‘सिलिंडर डुगडुगत नसेल तर’. सगळ्या मजकुरात अर्धवट ज्ञान सर्वांत जास्त इथे भरलंय. पहिला प्रश्न, डुगडुगतो कुठल्या दिशेने? फिरण्याच्या दिशेने थोडा सैलपणा स्मिथ अँड वेसनमध्ये मुळातच असतो. गोळी नळीत शिरताना सिलिंडर स्वतःला किंचित जुळवून घेतो. जुन्या धाटणीच्या कोल्टमध्ये, उदाहरणार्थ १९५५ च्याच पायथनमध्ये, गणित वेगळं. तिथे घोडा पडल्यावर चाप मागे दाबून धरला की सिलिंडर तिजोरीसारखा जखडायला हवा. चाप सोडून तपासलात तर चांगलं कोल्टही सैल वाटेल. म्हणजे या एका परीक्षेने चांगलं कोल्ट नापास होतं आणि स्मिथबद्दल नाहक शंका येते.

खरी चिंता पुढे-मागे होणाऱ्या हालचालीची. ती मोजायला फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच, पुरतो. आधी सिलिंडर उघडून सगळी घरं रिकामी आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. मग बंद करून सिलिंडर पुढे दाबा आणि नळी व सिलिंडरमधली फट मोजा; मागे दाबा, पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे एंड शेक. फट साधारण चार ते दहा हजारांश इंचात असावी आणि फरक दोन-तीन हजारांशापलीकडे जाऊ नये. गेला तर प्रत्येक बाराला सिलिंडर हातोडीसारखा पुढे-मागे आपटतोय असं समजा. गंमत म्हणजे ही दुरुस्ती बऱ्याचदा सोपी असते: क्रेनवर शिम, म्हणजे पातळ चकती, घातली की झालं. मात्र पडद्यावरच्या नायकासारखं मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करणाऱ्या मालकाने क्रेनच वाकवली असेल, तर क्रेन आणि फ्रेममधली सांध्याची रेघ एका टोकाला रुंद दिसते.

आणि टाइमिंग, म्हणजे सिलिंडरचं घर वेळेवर नळीसमोर येऊन अडकणं, ज्याचा त्या मजकुरात उल्लेखच नाही! घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने सिलिंडरला किंचित अडवा. खालचा खटका खाचेत पडल्याचा ‘टक्’ घोडा मागे अडकण्याआधी, निदान त्याच क्षणी, ऐकू यायला हवा. तो उशिरा आला तर घर आणि नळी एका रेषेत नसताना बार होऊ शकतो. मग शिशाचे कण बाजूने उडतात, शेजारी उभा असलेला माणूस तक्रार करतो. हे सहाही घरांना करा. पाच नीट आणि एकच आळशी, असाही प्रकार असतो.

वरच्या पट्टीवरच्या जळक्या रेघेची भीती मात्र उगाच घातलेली. फटीतून निसटणारा गरम वायू पट्टीत बारीक खाच पाडतो, पण ती खोल गेली की पुढे वाढायची जवळजवळ थांबते. त्या रेघेपायी लोकांनी उत्तम रिव्हॉल्व्हरं नाकारली आहेत. मॅग्नम बरंच झाडलं गेलंय एवढी खूण तेवढी त्यातून घ्यावी.

राहिलं ‘जुनं पोलाद’. जुन्या कारागिरांनी हाताने घासून बसवलेले भाग आजही बघत राहावेत असे आहेत, हे मान्य. पण बसवणी वेगळी, धातू वेगळा. कोल्टने आपल्या सिंगल ॲक्शन आर्मी या रिव्हॉल्व्हरला बंदुकीच्या जास्त दाबाच्या धूरविरहित दारूसाठी हमी दिली ती १९०० मध्ये. त्याआधीची काळ्या दारूची. स्मिथ अँड वेसनच्या मिलिटरी अँड पोलीस मॉडेलचे सिलिंडर उष्णतेने कडक करायला लागले ते १९१९ च्या सुमारास. शिवाय पोलाद कितीही चांगलं असो, प्रश्न काडतुसाचा असतो. .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ मॅग्नमची ३५,०००. वेब्ली मार्क सहा हे १९१५ चं दणकट रिव्हॉल्व्हर, पण ते .४५५ या कमी दाबाच्या काडतुसासाठी. अशा अनेक रिव्हॉल्व्हरांचा सिलिंडर मागून तासून त्यात .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस चालेल असं केलं गेलं, आणि त्या काडतुसाचा नेहमीचा दाबही वेब्लीच्या चाचणी-दाबाच्या (कारखान्यात मुद्दाम जास्त ठेवून तपासलेल्या दाबाच्या) जवळ जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या, .३८/२०० या काडतुसासाठी बनवलेल्या स्मिथ अँड वेसनच्या व्हिक्टरी रिव्हॉल्व्हरांची घरं नंतर .३८ स्पेशलसाठी लांबवली गेली. तिथे मूळ घर रुंद राहतं, त्यामुळे झाडलेलं कवच पोटाशी फुगून बाहेर येतं किंवा फाटतं. सिलिंडरवर मूळ आकड्याजवळ दुसरा आकडा ठोकलेला दिसला तर हेच आधी विचारा.

‘बिघडण्यासारखं आहेच काय’ याला उत्तर म्हणून एकच गोष्ट करून बघा. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा पूर्ण मागे ओढून ठेवा, चापाला हात लावू नका आणि अंगठ्याने घोड्याला मागून बेताने पुढे ढकला. तो पडला, तर चाप ‘मऊ’ करण्यासाठी कुणीतरी आत दगड घासलाय. घोड्या-चापाचा कडक थर फक्त वरवरचा असतो. तो गेला की खालचं मऊ पोलाद रोज थोडं झिजत राहतं.