पिवळाच घ्या, भो!

हौस म्हणून इलेक्ट्रॉनिक्स शिकताय, व्होल्टेज-करंट मोजायला मल्टिमीटर घ्यायचाय? मग इकडेतिकडे चौकशी करत बसू नका. जळगावच्या बाजारात जा आणि पिवळा मीटर मागा. दोन-तीनशेत येतो. शेवभाजीचं ताट परवडतं तसा परवडतो, आणि टिकतोही साधारण तेवढाच.

आत फ्यूज आहे का, हे दुकानदाराला विचारू नका. मागचं गिऱ्हाईक हसतं.

ऑटोरेंजचा, म्हणजे रेंज स्वतःच निवडणारा, तर अजिबात नको. चकती फिरवण्यातली मजा जाते.

नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मरेपर्यंत बदलू नका. सेल उतरला की असे मीटर बहुधा आकडा फुगवून दाखवतात. आपल्याकडे संध्याकाळी पंखा कसाबसा फिरतो, तिथे निदान मीटरवर तरी भरपूर व्होल्टेज येऊ द्या की!

आता मुख्य गोष्ट. मीटरवर ठप्पा बघून घ्या. 'कॅट थ्री, १००० व्होल्ट' असा. कॅट म्हणजे मीटर कुठवर सुरक्षित लावता येतो त्याचा वर्ग. कॅट टू म्हणजे प्लगला लावायच्या वस्तू, थ्री म्हणजे घरातलं पक्कं वायरिंग नि बोर्ड, फोर म्हणजे खांबावरून घरात येणारी लाइन. जितकं खांबाच्या जवळ जाल तितका झटका मोठा, म्हणून मीटर आतून तितका भक्कम लागतो. पण भक्कमपणाला पैसे पडतात, ठप्प्याला नुसती शाई. माझ्या मीटरवर शाई झकास होती. गेल्या रविवारी मी सोलर दिव्याच्या बॅटरीचा करंट मोजला, लाल पिन दहा अ‍ॅम्पच्या भोकातच राहिली, चकती व्होल्टवर फिरवली आणि पिना भिंतीतल्या सॉकेटात घातल्या. चूक माझी, शंभर टक्के. धाडकन आवाज, निळा जाळ, घरभर अंधार, पिनेचं टोक वितळलेलं, आणि आतल्या खोलीतून आई, "काय फोडलं रे?" मागून उघडून बघतो तर त्या भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत एक जाड वाकवलेली तार. बस. म्हणजे मी २३० व्होल्टवर सरळ शॉट केला होता, आणि मध्ये तोडायला काहीच नव्हतं. दुकानात गेलो तर दुकानदाराने भोकाशेजारची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं बोटाने दाखवली, "अनफ्यूज्ड लिहेल आहे ना भो त्याच्यावर!" लिहेल आहे! कॅट थ्री छातीवर एवढं मोठं, आणि अनफ्यूज्ड भिंग लावून शोधायचं! एमसीबी पडला म्हणून माझी बोटं जागेवर आहेत, त्या ठप्प्यामुळे नाही.

आणि दुकानदाराला तरी काय बोलू? तुम्हीच मागता म्हणून तो ठेवतो. मोबाइलचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते तोंडपाठ, हळदीच्या डीजेला पैसे सुटतात, आणि मीटरला तीनशेच्या वर हात आखडतो. बरं, टेबलावर बसून रेझिस्टर नि सेल मोजाल तर पिवळा चालतो, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही तेवढ्यावर थांबता का? रात्री दोनला शेतात लाइट येते, तुम्ही केळीच्या बागेत ओल्या मातीत उभे, दातात बॅटरी धरून तोच मीटर थ्री फेजच्या स्टार्टरला लावता. तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. अक्कल आहे का? घरी बायकापोरं झोपलेली असतात. अजून हजारभर घाला, करंटच्या दोन्ही भोकांना फ्यूज असलेला घ्या, काचेच्या नळीचा नाही, वाळू भरलेला सिरॅमिकचा. दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

आणि आता वाचत काय बसलात? उठा, तुमच्या मीटरची लाल पिन कुठल्या भोकात आहे ते आधी बघून या.