लंडन–न्यूयॉर्क प्रवासाबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही इंटरनेटवर आमच्या नवी पेठेतल्या तिकीट ऑफिसला पाचपैकी एकच तारा दिलात आणि चार गोष्टी लिहिल्यात. आम्ही दिलेल्या वेळांच्या कागदामुळे न्यूयॉर्कमध्ये तुमच्या आई-बाबांचं विमान चुकता चुकता राहिलं. लंडनहून जाताना ८ तास १० मिनिटं लागली आणि येताना ५ तास ५० मिनिटंच, म्हणजे जाताना आम्ही कॅनडावरून फिरत जाणारं विमान दिलं. परतीच्या रात्री दोघांना झोप नाही. आणि तिकीट इंटरनेटपेक्षा नऊ हजारांनी महाग. मी फोन करणारच होतो, पण तुम्ही चारचौघांत लिहिलंय, तेव्हा उत्तरही इथेच दिलेलं बरं.

पहिली चूक पूर्णपणे आमची. मनापासून माफी मागतो.

टॅक्सी तुम्ही इथून मोबाईलवर बोलावणार होता, म्हणून आमच्या कागदावर तिथल्या वेळेच्या शेजारी भारतीय वेळेचा रकाना होता. १२ मार्चला विमान रात्री साडेआठचं, घरातून निघायचं संध्याकाळी पाचला. रकान्यात लिहिलं होतं पहाटे ३.३०. हवं होतं २.३०. तुम्ही गजर लावून साडेतीनला उठलात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सहा वाजले होते, आणि काका-काकू तासभर बॅगा दाराशी ठेवून तुमच्या फोनची वाट बघत बसले होते. काउंटर बंद व्हायला जेमतेम पंधरा मिनिटं असताना ते पोचले. व्हीलचेअर आम्ही सांगून ठेवली होती, पण ती येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून गुडघ्याचं दुखणं असलेल्या काकू एवढं अंतर चालत गेल्या. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

चूक झाली कशी तेही सांगतो. कागद आम्ही फेब्रुवारीत केला. तेव्हा न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे होतं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, २०२५ मध्ये ९ मार्चला. त्यानंतर फरक साडेनऊ तासांचा राहतो. ३ मार्चचं जाणं जुन्या वेळेत आणि १२ मार्चचं येणं नव्या वेळेत पडलं, आमच्या ऑफिसातल्या मुलाने मात्र दोन्हीकडे साडेदहाच धरले. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ. सिद्धेश्वर एक्सप्रेससाठी स्टेशनवर निघताना कुणी घड्याळ बदललं का असं विचारत नाही. पण परदेशाची तिकिटं करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं, आणि मुलाचा कागद तपासणं माझं काम होतं. मी तपासला नाही.

याच तासामुळे तुमचा दुसरा हिशेबही फसलाय. ब्रिटनची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणजे २०२५ मध्ये ३० मार्चला. त्यामुळे मधले तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तासांचा असतो. विमान रात्री ८.३० ला सुटून लंडनला सकाळी ७.२० ला उतरलं. घड्याळाप्रमाणे १० तास ५० मिनिटं. तुम्ही त्यातून पाच तास वजा केलेत, करायचे होते चार. म्हणजे येताना ६ तास ५० मिनिटं लागली. जाण्या-येण्यातला फरक २ तास २० मिनिटांचा नाही, १ तास २० मिनिटांचा आहे.

हा फरक वाऱ्याचा, आणि इथे मात्र आम्ही चुकलो असं मी म्हणणार नाही. अटलांटिकवर विमानं उडतात त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर ब्रिटिश एअरवेजचं बोईंग ७४७ न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला आलं होतं. उलट दिशेला असं कधी होत नाही. म्हणून कुठल्याही कंपनीचं वेळापत्रक उघडा, न्यूयॉर्ककडे जाताना तास-सव्वा तास जास्तच दिसेल.

काकांना खिडकीतून बर्फ दिसला, त्यावरून तुम्ही म्हणता विमान फिरवत नेलं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर सुताचा एक धागा लंडनपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरा. तो आयर्लंडवरून जाऊन कॅनडाच्या न्यूफाउंडलंडवर उतरतो. साधारण साडेपाच हजार किलोमीटरचा हाच सर्वांत जवळचा रस्ता. भिंतीवरच्या सपाट नकाशात तो उगाच वर चढल्यासारखा दिसतो. शिवाय अटलांटिकवरचे मार्ग रोज वारा बघून आखले जातात, दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी आणि रात्री पूर्वेकडे येणाऱ्यांसाठी. शॅनविक आणि गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं ते ठरवतात. समोरचा वारा टाळायला विमान आणखी उत्तरेकडून नेतात. तो बर्फ वेळ वाचवतानाच दिसला.

झोपेबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. पावणेसात तासांच्या रात्रीत जेवण, दिवे, उतरायच्या आधीचा नाश्ता वगळला तर झोपायला चार तास उरतात, आणि लंडनला सकाळ होते तेव्हा न्यूयॉर्कच्या घड्याळाने मध्यरात्र उलटलेली असते. न्यूयॉर्कहून सकाळी आठच्या सुमारास सुटून त्याच रात्री लंडनला पोचणारी विमानंही आहेत. त्यासाठी पहाटे चारला उठावं लागतं, म्हणून आम्ही ती तुम्हाला सुचवलीच नाहीत. सुचवायला हवी होती. सत्तरीच्या माणसांना दिवसाचं विमान द्यावं, मग लंडनला लेकीच्या घरी पोचून रात्री नीट झोपता येतं, हे माझं स्वतःचं मत आहे आणि तरीही मी तुम्हाला विचारलं नाही.

नऊ हजारांचं थोडक्यात सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन वेगळी तिकिटं होती, आणि लंडन–न्यूयॉर्कच्या भाड्यात चेक-इन बॅग नव्हती. आम्ही सगळा प्रवास एकाच पीएनआरवर केला, बॅगांसकट. मधलं एखादं विमान रद्द झालं असतं तर पुढची सोय विमान कंपनीने केली असती. वेगळ्या तिकिटांवर ती कुणाचीच जबाबदारी नसते. या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

आमचा सर्व्हिस चार्ज आज तुमच्या खात्यावर परत केलाय. भारतीय वेळेचा रकाना आता प्रवासाच्या तारखेप्रमाणे भरला जातो आणि माझी सही झाल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. तुमची तक्रार वाचल्यावर अमेरिकेला गेलेल्या आणखी तीन घरांचे कागद काढून बघितले. एकात हीच चूक होती. त्यांचं परतीचं विमान अजून व्हायचं होतं, रात्रीच फोन करून वेळ दुरुस्त करून दिली. ती चूक तुमच्यामुळे सापडली.

काकूंचा गुडघा आता कसा आहे? रविवारी संध्याकाळी घरी येऊन दोघांना भेटावं म्हणतो. तुम्हाला चालेल ती वेळ कळवा.