पिनकोड बंद झालेला नाही

आमच्या नवी मुंबईतल्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला आहे: ‘पिनकोड रद्द झाला. आता प्रत्येक घराला डिजिपिन. पत्ता लिहायची गरज नाही. खालच्या लिंकवर नोंदणी करा, नाहीतर पार्सल येणार नाही.’ खालच्या मजल्यावरच्या काकू त्या लिंकवर आधार क्रमांक भरायला बसल्या होत्या, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पिनकोड रद्द झाला, हे साफ खोटं आहे. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी दोन संकेतस्थळं एकदमच सुरू केली. एक आपला डिजिपिन, म्हणजे नकाशावरच्या आपल्या जागेची दहा अक्षर-अंकांची खूण, शोधायला, दुसरं आपला पिनकोड शोधायला. जे मोडीत काढायचं, त्यासाठी कुणी नवं संकेतस्थळ उघडेल का?

मुळात दोघांची कामंच वेगळी आहेत. पिनकोड आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला तो लागू झाला. सारख्या नावांची गावं, निरनिराळ्या लिप्या, न लागणारं अक्षर, या सगळ्यातून पत्र नेमक्या पोस्टात पोचावं म्हणून. आमचा ४००७०६ घ्या. पहिला ४ म्हणजे आपला पश्चिम विभाग, ४० हा त्यातला उपविभाग, ४०० हा वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे ७०६ म्हणजे बटवडा करणारं पोस्ट. पिन शहराप्रमाणे नाही, पोस्टाप्रमाणे चालतो; म्हणून तर नवी मुंबईतच असूनही खारघरचा पिन ४१०२१० आहे.

माझी मावशी अजून हाताने पत्र लिहिते. एकदा घाईत तिचा ‘रू’चा उकार राहिला आणि नेरूळचं झालं नेरळ! कर्जतच्या अलीकडचं, माथेरानच्या पायथ्याचं नेरळ. त्याचा पिन ४१०१०१. पाकिटावर तिने खाली ठळक ४००७०६ घातलं होतं, तेवढ्यावर पत्र बरोबर आमच्या दारात आलं. मी ते पाकीट ठेवून दिलंय.

डिजिपिन हे काम करत नाही. त्यात देशाच्या नकाशाभोवती ३६ अंशांचा एक चौरस धरलाय. त्याचे १६ भाग, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा १६, असं दहा वेळा केलं की साधारण चार मीटर लांबी-रुंदीचा तुकडा उरतो आणि त्याला दहा अक्षर-अंकांची खूण मिळते. या चौकोनांना खाडी कळत नाही, पोस्टाची हद्द कळत नाही. पत्रांची थैली कुठल्या पोस्टात पाठवायची, हे पिनकोडच सांगतो.

‘पत्ता लिहायची गरज नाही’ हा दावा तर आमच्याच इमारतीत कोसळतो. डिजिपिनमध्ये उंची नसते. दुसऱ्या मजल्यावरचं घर आणि त्याच्या बरोबर वर, अठराव्या मजल्यावरचं घर, दोघांचा डिजिपिन एकच. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या उंच टॉवरांमध्ये पोस्टमनने काय करावं? मी माझा पाहिला, तेव्हा खिडकीशी एक आला आणि दारात शेवटचं अक्षर बदललं. मोबाइलचं जीपीएस चार मीटरपेक्षा सहज जास्त चुकतं. तेव्हा विंग, मजला, फ्लॅट नंबर लिहावाच लागणार.

आणि नोंदणी? ती नसतेच. डिजिपिन म्हणजे अक्षांश-रेखांशावरून काढलेलं गणित. त्यात नाव नाही, फोन नाही, आधार नाही. तो पाहायला पैसे लागत नाहीत, ओटीपी तर नाहीच. या कामासाठी आधार क्रमांक मागणारी लिंक म्हणजे फसवणूक समजा आणि ग्रुपवरून लगेच काढून टाका.

डिजिपिन निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या गावठाणांत घराला घर चिकटलेलं, गल्लीला नाव नाही, नंबरांचा क्रम नाही. रात्री दोनला तिथे रुग्णवाहिका बोलवायची तर ‘देवळामागचं तिसरं घर’ सांगण्यापेक्षा ही दहा अक्षरं कितीतरी कामाची. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या मदतीने टपाल खात्याने तो तयार केलाय. पत्त्याला जोड म्हणून जरूर वापरा.

काकूंना मी त्यांचा डिजिपिन खात्याच्या संकेतस्थळावर काढून दिला. फ्रिजवर चिकटवलेल्या पत्त्याच्या कागदावर त्यांनी तो लिहून ठेवलाय, ४००७०६ च्या खाली.