हे दोघे एकच आहेत का?

आमच्याकडे विक्री विभाग आणि तक्रार विभाग एकमेकांशी फक्त ईमेलवर बोलतात, तेही साहेबांना कॉपीत ठेवून. अशा कंपनीनं सगळ्या ग्राहकांची सगळी माहिती एका जागी आणायचं ठरवलं, याला कारण व्हेंडरचा, म्हणजे ते सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा, डेमो.

डेमोत एक बाई असते. तिनं सकाळी जाहिरात पाहिलेली असते, दुपारी ॲपवर बूट न्याहाळलेले असतात, संध्याकाळी तेच दुकानात पायात घालून बघितलेले असतात आणि रात्री कस्टमर केअरला फोन करून आपल्याला नक्की कोणता नंबर बसेल हे विचारलेलं असतं. एवढा रिकामा वेळ हिला कुठून मिळतो, हे विचारायचं नसतं. पडद्यावर तिचा हसरा फोटो आणि शेजारी ही सगळी दिनचर्या ओळीनं. नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगमध्ये, ईमेल एकच, फोन नंबर जन्मापासून तोच. आमच्या ग्राहकांत अशी बाई मला अजून भेटायची आहे. साहेब मात्र भारावले. "आपल्याला आपला ग्राहक असा दिसला पाहिजे," ते म्हणाले, आणि मी मीटिंगमध्ये सर्वांत मागे, कुणाच्याही आड न येणाऱ्या खुर्चीत बसलो असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

या वस्तूला ‘कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म’ हे नाव डेव्हिड राब नावाच्या सल्लागारानं २०१३ साली दिलं. २०१६ मध्ये त्यांनी या विषयाला वाहिलेली संस्थाही काढली. त्यांच्या म्हणण्यानुसार हे एक तयार सॉफ्टवेअर असतं. ते ग्राहकांची एकत्रित, टिकून राहणारी नोंद ठेवतं आणि बाकीच्या यंत्रणांना ती वापरू देतं. तयार म्हटल्यावर आयटीला विचारायची गरज साहेबांना वाटली नाही. आयटीनंही आपणहून तोंड उघडलं नाही. त्यांची ती जुनी शिस्त आहे.

पहिलं काम माहिती गोळा करणं. प्रत्येक विभाग उत्साहानं म्हणाला, "एकत्र करायलाच हवं!" त्याचा अर्थही प्रत्येकाच्या मनात एकच होता: बाकीच्यांनी आमच्यात यावं. हिशेब विभागाच्या मते ज्याच्या नावे बिल फाटलं तो ग्राहक. मार्केटिंगच्या मते ज्याचं बोट जाहिरातीवर चुकून पडलं तोसुद्धा. तक्रार विभागाला फक्त ओरडणारे ठाऊक. विक्रीप्रमुखांकडे तर नेमका आकडा होता: १०,४८,५७५. दर तिमाहीच्या सादरीकरणात हाच. कित्येक तिमाही तो एकानंही हलला नव्हता, आणि त्याला ते ‘स्थिर व निष्ठावान ग्राहकवर्ग’ म्हणत. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. त्यातली वरची शीर्षकांची. हे मी त्यांच्या कानावर घातलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग चेहरा उजळला. "म्हणजे याहून जास्त आहेत!"

मग जुळवाजुळव, म्हणजे कुठल्या नोंदी एकाच माणसाच्या ते ठरवणं. तिचा पहिला प्रकार पक्का: फोन नंबर सारखा तर माणूस एक. कागदावर बिनतोड. त्यातून आम्हाला जो पहिला मोठा शोध लागला, तो म्हणजे एक अफाट ग्राहक. ही व्यक्ती एकाच मिनिटाला सगळ्या शाखांमध्ये खरेदी करत होती, पुरुषही होती आणि स्त्रीही, आणि तिच्या पायाचा नंबर लहान मुलापासून पैलवानापर्यंत कोणताही होता. प्लॅटफॉर्मनं तिला सर्वोच्च श्रेणीत टाकून खास भेट पाठवण्याची शिफारसही केली. तिचा फोन नंबर म्हणजे ओळीनं सगळे नऊ. काउंटरवर रांग वाढलेली असते, गिऱ्हाईक नंबर द्यायला तयार नसतं आणि तो रकाना भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही; मग माणूस नऊचं बटण दाबून धरणार नाही तर काय करणार? मला त्यात काउंटरवाल्यांचा काडीचाही दोष दिसत नाही. तो रकाना सक्तीचा कुणी केला, हे कुणालाच आठवत नाही.

दुसरा प्रकार अंदाजाचा. नावं कानाला सारखी लागतात का, हे ठरवणारी साउंडेक्स नावाची पद्धत आहे; तिचं पेटंट १९१८ सालचं. तिच्यात रॉबर्ट आणि रुपर्ट या दोघांना एकच संकेतांक मिळतो, आर१६३. लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाची पद्धत १९६५ची: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. मीना आणि मीरा यांच्यात अंतर एक. दोघी एकाच इमारतीत राहत असल्या, तर यंत्राच्या लेखी त्यांचं जवळपास जमलंच.

पण माझा खरा राग आहे तो १९६९ सालच्या एका निबंधावर. इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी त्यात या सगळ्या प्रकाराला गणिताचा पाया घालून दिला. नोंदींच्या जोड्यांचे त्यांनी तीन ढीग केले: नक्की एक, नक्की वेगळे आणि सांगता येत नाही. पहिल्या दोन ढिगांचा निकाल सूत्रानं लावायचा. तिसरा कारकुनाच्या नजरेखालून घालायचा. म्हणजे अर्धशतकापूर्वी कॅनडात बसून या दोघांनी माझी नेमणूक करून ठेवली होती. डेमोत तिसऱ्या ढिगाचा उल्लेख नसतो. ‘बाकी सगळं आपोआप होतं’ या वाक्यातला ‘बाकी’च्या आधीचा जो भाग कुणी उच्चारत नाही, तो मी.

माझ्या पडद्यावर डावीकडे एक नोंद येते, उजवीकडे दुसरी, खाली दोन बटणं: ‘एकच’ आणि ‘वेगळे’. ‘मला काय माहीत’ असं तिसरं बटण मी मागितलं. व्हेंडरच्या माणसानं ते पुढच्या आवृत्तीसाठी लिहून घेतलं. आडनाव तेच, पत्ता तोच, जन्मतारीख तीच, पहिल्या नावात एका अक्षराचा फरक. जुळी भावंडं म्हणू की टायपिंगची घाई? नवऱ्याच्या ईमेलवरून बायकोची खरेदी, तक्रार सासऱ्यांच्या नंबरवरून. एका बाईंचं आडनाव बदललं, मग पुन्हा पहिल्यावर आलं, मग तिसरंच झालं. त्या मला ओळखत नाहीत, पण त्यांच्या आयुष्यात काय काय घडून गेलं हे मला त्यांच्या पावत्यांवरून माहीत आहे, आणि तिसऱ्या आडनावानंतर त्यांनी चांगले महागाचे बूट घेतले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

किती टक्के जुळलं की एक मानायचं, यावर तर तुंबळ युद्ध झालं. मार्केटिंगला नियम सैल हवा होता, एकाच घरात चार-चार पत्रकं जाऊ नयेत म्हणून. हिशेबवाल्यांना तो घट्ट हवा होता, एकाचं बिल दुसऱ्याच्या गळ्यात पडू नये म्हणून. दोघांचंही बरोबर होतं, म्हणून साहेबांनी तिसरंच केलं आणि मधला आकडा ठरवला. त्या मधल्या आकड्यावर एक बापलेक एक झाले. नावाचं आद्याक्षर तेच, पत्ता तोच. मुलाला गुडघ्यांना आराम देणाऱ्या चपलांची जाहिरात गेली, वडिलांना धावण्याच्या बुटांची. मुलगा खवळला. वडिलांनी बूट घेतले! मार्केटिंगनं ते ‘वैयक्तिक शिफारशींचं यश’ म्हणून सादर केलं आणि टाळ्या घेतल्या.

त्यांना वेगळं करणं काही केल्या जमेना. जोडायला एक क्लिक पुरली होती. सोडवताना मात्र कुठली खरेदी कुणाची, पॉइंट कुणाचे, तक्रार कुणी केली, सगळं पुन्हा वाटायचं. शिवाय संदेश पाठवायला वडिलांनी हो म्हटलेलं आणि मुलानं नाही. जोडलेल्या माणसाला आमचे संदेश हवेही होते आणि नकोही होते. विधी विभागाच्या मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "तोवर पाठवत काय होतात?" पाठवत दोन्ही होतो.

याच मॅडमनी मला विसरण्याचं शास्त्रही शिकवलं. युरोपात २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच्या १७व्या कलमानुसार ठरावीक परिस्थितीत ग्राहक आपली माहिती पुसून मागू शकतो. आमच्याकडे अशी मागणी आली की आम्ही पुसतो. पण उद्या दुसऱ्या कुठल्या यादीतून तोच माणूस परत आत येऊ नये, म्हणून याला पुन्हा घ्यायचं नाही अशी खूण जपावी लागते. म्हणजे आपण त्याला विसरलो आहोत, हे कंपनीनं जन्मभर लक्षात ठेवायचं. मी हे दोनदा समजावून घेतलं.

मधल्या काळात प्लॅटफॉर्मनं एक नवा ग्राहकगट शोधला. पन्नाशी ओलांडलेले, झपाट्यानं वाढणारे आणि सगळेच्या सगळे १ जानेवारी १९७० रोजी जन्मलेले. युनिक्स या संगणकप्रणालीचं घड्याळ त्या दिवसापासून मोजायला लागतं. आमच्या एका जुन्या यंत्रणेत जन्मतारीख रिकामी राहिली की शून्य पडतं आणि शून्य म्हणजे तोच दिवस. हे कळेपर्यंत त्यांच्यासाठी सवलत जाहीर झालेली होती, वाढदिवसाचं पत्र छापून झालेलं होतं, आणि छापलंच आहे तर पाठवून टाका, असा निर्णय झाला.

अखेर ढीग उपसून झाले आणि डॅशबोर्डवर एकत्रित आकडा आला. पाचही यंत्रणांच्या बेरजेपेक्षा तो बराच लहान होता. साहेबांनी पडदा खाली सरकवून पाहिला, पुढच्या पानावर आणखी ग्राहक आहेत का ते बघायला. "बाकीचे गेले कुठे?"

"कुठेच नाही, सर. ते आधीपासूनच कमी होते."

विक्रीप्रमुख उभे राहिले. "टार्गेट तेच आणि माझे ग्राहक या सॉफ्टवेअरनं खाल्ले!" मार्केटिंगचा दरग्राहक खर्च एका रात्रीत वाढला, कारण पैसे तेवढेच आणि भागायला माणसं कमी. खूश होता तो फक्त हिशेब विभाग. त्यांची दरग्राहक कमाई त्याच रात्री वाढली होती. बऱ्याच खलानंतर तोडगा निघाला: अहवालात दोन रकाने ठेवायचे, ‘ग्राहक’ आणि ‘ग्राहक, एकत्रित’. बाहेर दाखवायचा तो पहिला.

विक्री विभागानं आपली शीट पुन्हा सुरू केली आहे, फक्त संदर्भासाठी. यावेळी दोन टॅबमध्ये, ओळी कमी पडू नयेत म्हणून. व्हेंडरचा माणूस म्हणाला, काळजी नको, एक्सेल जोडायची सोय प्लॅटफॉर्ममध्ये आहेच. पुढच्या महिन्यात ती शीट सहावा स्रोत म्हणून जोडली जाईल. पहिले दोन ढीग आपोआप होणार आहेत.