भाषा निवडा, मग बघू

ऑपरेटिंग सिस्टिम इन्स्टॉल करताना पहिला प्रश्न भाषेचा असतो, आणि बहुतेक वेळा तो इंग्रजीत असतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने आधी इंग्रजी वाचायचं आणि मगच सांगायचं की बाबा रे, मला इंग्रजी येत नाही.

खाली यादी. प्रत्येक भाषा आपापल्या लिपीत, हे उत्तमच. पण क्रम युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या, आकड्यांप्रमाणे लावलेला असला की आधी सगळे रोमनवाले, मग ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी, आणि त्यानंतर कुठे देवनागरी. तिथे नेपाली, मराठी, हिन्दी एकमेकांना खेटून उभे. बाणाची कळ एकदा जास्त दाबली गेली की अस्मिता गेलीच म्हणायची! डेबियन या लिनक्स-कुळातल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या निव्वळ अक्षरी इन्स्टॉलरमध्ये तर मराठी दिसतच नाही, कारण त्या काळ्या पडद्याला वेलांट्या आणि जोडाक्षरं झेपत नाहीत. २००७ साली डेबियन ४.० बरोबर चित्रमय इन्स्टॉलर आला, २००९ साली डेबियन ५.० मध्ये त्यात मराठी आली, तेव्हा कुठे आपली सोय झाली.

भाषा झाली की प्रदेश. इथे इन्स्टॉलर जनगणनेच्या घाईतल्या गणकासारखा वागतो: एक उत्तर ऐकायचं आणि पुढचे तीन रकाने स्वतःच भरून टाकायचे. भाषा इंग्रजी? म्हणजे अमेरिका! मग ३/४ ही तारीख चार मार्च होते आणि छपाईचा कागद ए-फोरऐवजी अमेरिकी मापाचा लेटर. लेटर हा ए-फोरपेक्षा सहाएक मिलिमीटर रुंद आणि अठराएक मिलिमीटर आखूड. प्रिंटर का रुसला याचं मूळ वर्षापूर्वी घाईत दाबलेल्या 'पुढे'मध्ये आहे, हे कोणाच्या ध्यानात येणार? उलट भाषा मराठी आणि देश जर्मनी सांगून बघा. या जोडीचा लोकॅलच (भाषा आणि देश मिळून ठरणारा तारीख, चलन वगैरेंचा संच) नाही, असं उत्तर येतं. मराठीसाठी एकच, एमआर-आयएन, म्हणजे 'मराठी, भारत'. माणूस विमानाने कुठेही जावो, त्याची भाषा मात्र भारताबाहेर पाऊल टाकत नाही.

टाइमझोनचा नकाशा दिसायला छान. भारतभर एकच वेळ, आणि तिचं नाव आशिया/कोलकाता, त्यामुळे यादीत मुंबई शोधणाऱ्याने ती शोधतच बसावं. म्हणून माणूस नकाशावर टिचकी मारतो, बोट जरा वर सरकतं, आणि काठमांडू लागतं. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. पंधरा मिनिटांचा हा फरक लगेच लक्षात येत नाही. उलट काही दिवस आपण फारच वक्तशीर झालोय असं वाटत राहतं.

खरी परीक्षा कीबोर्डची. एका स्नेह्यांनी भाषेबरोबर कीबोर्डही मराठी घेतला. म्हणजे इनस्क्रिप्ट, भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी. त्यात के दाबलं की क येतो, त्यामुळे सुरुवातीला विश्वास बसतो. पण जे दाबलं की र आणि ए दाबलं की ओकार! पासवर्डच्या रकान्यात सगळेच काळे ठिपके, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. त्यांनी दोनदा तोच पासवर्ड टाकला, दोन्ही जुळले, इन्स्टॉलर खूश. रीस्टार्ट झाल्यावर लॉगिनचा पडदा रोमन मांडणीत उघडला. तीच बोटं, त्याच कळा, तरी "पासवर्ड चुकीचा". मांडणी बदलायची कळ कोणती हवी, हे इन्स्टॉलरने आधीच विचारलं होतं. पण त्या पानापर्यंत येईस्तोवर माणूस फक्त 'पुढे' शोधत असतो. माझ्या मते हा प्रश्न पासवर्डच्या शेजारी हवा, आणि खाली एक मोकळा रकाना, जिथे काय उमटतंय ते डोळ्यांनी बघता येईल. याला काही रॉकेट उडवायची गरज नाही.

आता माझी व्यवस्था सांगतो. मला भाषा इंग्रजी हवी, पण तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सुटसुटीत. लिनक्समध्ये त्यासाठी जाणकार लोक 'इंग्रजी, डेन्मार्क' हा लोकॅल घेतात. तो अशीच तारीख देतो. अख्खा घेतला तर दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि चलन क्रोन होतं, म्हणून मी डेन्मार्ककडून फक्त एलसी-टाइम, म्हणजे तारीख-वेळेचा भाग, घेतला आणि बाकी सगळं भारतात ठेवलं. परवा एकाने माझी सेटिंग्ज पाहिली आणि विचारलं, "तिकडे कधी शिफ्ट झालात?"

"फक्त तारखेपुरता," मी म्हटलं.