दोन तासांचं अंतर किडनीला कळत नाही

"बीपीची गोळी आणि पेनकिलर यांत दोन तासांचं अंतर ठेवा, सोबत गॅसची गोळी घ्या, काही होत नाही. दुखणं फारच असेल तर त्या दिवशी बीपीची गोळी टाळा." हा फॉरवर्ड काल मावशीपर्यंत पोचला. ती टेल्मिसार्टन-एच ही बीपीची गोळी घेते आणि तिचे गुडघे दुखतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ते अंतराचं खूळ. दोन गोळ्यांची गाठ पोटात पडते, असं समजून कुणीतरी हे लिहिलंय. टेल्मिसार्टनचा परिणाम चोवीस तास टिकतो, म्हणून तर ती दिवसातून एकदाच घेतात. पेनकिलर दोन तासांनी घ्या नाहीतर दहा तासांनी, ती अंगात असणारच. आणि गाठ पडते ती किडनीत. तिथल्या गाळणीत रक्त एका बारीक नळीतून येतं, दुसरीतून जातं. आत येणारी नळी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्यं मोकळी ठेवतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक या पेनकिलर ती द्रव्यं तयारच होऊ देत नाहीत, की नळी आकसली. 'सार्टन' किंवा 'प्रिल'ने नाव संपणारी बीपीची औषधं बाहेर जाणारी नळी सैल करतात. 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ते लघवीवाटे मीठ-पाणी काढतं. आवक कमी, जावक मोकळी, वर अंगात पाणीही कमी. गाळणीत दाब राहणार कुठून? त्यात जुलाब, कडक ऊन किंवा निर्जळी उपास असला तर आणखी वाईट. लघवी कमी होते, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा रक्तातला कचरा) चढतं, आणि दुखत काहीच नाही.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली बीपीची औषधं घेणाऱ्या ४,८७,३७२ रुग्णांचा अभ्यास आला. पेनकिलर, 'सार्टन' किंवा 'प्रिल' आणि 'एच'सारखं लघवीवाटे पाणी काढणारं औषध, ही तिन्ही एकत्र घेणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त होतं, पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. पेनकिलरसोबत यांतलं बीपीचं एकच औषध असताना अशी वाढ दिसली नाही, हे मान्य. पण पेनकिलर मीठ-पाणी अडवून बीपी चढवते, ते वेगळंच.

मग त्या दिवशी बीपीची गोळी टाळायची? म्हणजे बीपी चढवणारी गोळी घ्यायची आणि उतरवणारी सोडायची! यापेक्षा उलटा सल्ला शोधून सापडणार नाही.

गॅसची गोळी जठर सांभाळते, किडनी नाही. "पेनकिलर चिठ्ठीशिवाय मिळते म्हणजे सुरक्षित" हेही त्या फॉरवर्डमध्ये आहेच. डायक्लोफेनॅकच्या पाकिटावरची उभी लाल रेघ बघा. कायद्याने तिला चिठ्ठी लागते, दुकानदार मागत नाही एवढंच.

"पॅरासिटामॉल चालते" हे अर्धं खरं. किडनीच्या दृष्टीने तीच बरी: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, फार तर दोन, मध्ये सहा तास, तेही दोन-तीन दिवस. रोज चार ग्रॅम घेतली तर तिनेही बीपी चढतं. पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर. आणि नावापुढे 'पी' दिसला म्हणून फसू नका: ॲसिक्लोफेनॅक-पीमध्ये पॅरासिटामॉल असली तरी ॲसिक्लोफेनॅकही आहेच. स्ट्रिपमागची बारीक अक्षरं वाचा. हृदयासाठी रोजची ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन मात्र यात धरून बंद करू नका.

आठवडाभर पेनकिलर झालीच असेल, तर बीपी मोजा आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासून घ्या. पाय सुजले, लघवी कमी झाली तर पेनकिलर थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, स्ट्रिप सोबत घेऊन.